चाळीस हजार खुर्च्या

(सातारा येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानं होतात, ते आयुष्यभर विमा कचेरीत हिशेब तपासत राहिले आणि संध्याकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पॉलिसीचे कागद वाचून त्यांना समजावून सांगत, असं संयोजकांनी मला सांगितलं. त्यामुळे विषय ठरवायला फार वेळ लागला नाही. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब ठेवून ज्यांचं घर चालतं अशी माणसं एखाद्या शहरात हजारोंनी जमतात तेव्हा त्या शहराचं आणि त्या माणसांचं काय होतं, यावर मी बोलणार आहे. शहर पुणे आहे. पण गोष्ट निम्मी साताऱ्याची आहे, आणि ती का, ते लवकरच कळेल.

जून 2023 मध्ये एक बातमी सगळ्या मराठी वर्तमानपत्रांत ठळकपणे आली. बजाज फिनसर्व्ह आणि महाराष्ट्र शासन यांच्यात सामंजस्य करार झाला. पुण्यात मुंढव्याला वित्तीय सेवांचा मोठा प्रकल्प उभा राहणार, गुंतवणूक 5,000 कोटी रुपये, रोजगार 40,000. आकडे गोल होते, आणि करारातले आकडे नेहमीच गोल असतात. साधा भागाकार केला तर एका नोकरीमागे साडेबारा लाख रुपये गुंतवणूक पडते. मोटारीच्या कारखान्यात एका माणसाला काम द्यायचं तर याच्या कितीतरी पट रक्कम यंत्रांत घालावी लागते. शिवाय इथे धुराडं नाही, रसायनाचं सांडपाणी नाही, मालाचे ट्रक नाहीत. कुठल्याही मंत्र्याला असा प्रकल्प आवडणारच. मलाही आवडला. फक्त त्या 40,000 या आकड्यात नेमकं कोण कोण बसतं, हे विचारायची उत्सुकता राहिली, आणि आजचं बोलणं त्या उत्सुकतेतून निघालेलं आहे.

पैशाच्या कंपन्या मोठ्या शहरांतच वाढतात, असं आज आपण धरून चालतो. साताऱ्यानं तसं धरलं नव्हतं. अण्णासाहेब चिरमुल्यांनी 1913 मध्ये वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी काढली ती इथे. मुंबईला नाही, पुण्यालाही नाही. 1936 मध्ये युनायटेड वेस्टर्न बँक निघाली तीही इथेच. म्हणजे कुणाचा विमा घ्यायचा, कुणाला कर्ज द्यायचं, जमलेला पैसा कुठे गुंतवायचा, हे निर्णय घेणारी माणसं याच गावात राहत होती, इथल्याच मंडईत भाजी घेत होती. 1956 मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. देशभरातल्या 245 विमा कंपन्या आणि संस्था एकत्र करून 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ जन्माला आलं. मुख्य कार्यालय मुंबईत, साताऱ्याला विभागीय कार्यालय. त्या राष्ट्रीयीकरणाच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे, विमेदारांचे पैसे बुडवणाऱ्या कंपन्या तेव्हा कमी नव्हत्या. पण सातारा या गावापुरतं पाहिलं तर एक गोष्ट घडली. नोकऱ्या राहिल्या आणि निर्णय गेले.

बँकेचं पुढे तसंच झालं, जरा अधिक वेदनेनं झालं. 2 सप्टेंबर 2006 रोजी युनायटेड वेस्टर्नवर व्यवहारबंदी आली आणि 3 ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. एक महिना. समोर बसलेल्यांपैकी काहींनी तो महिना काउंटरच्या आत काढला असेल, काहींनी बाहेरच्या रांगेत. ठेवीदारांचे पैसे वाचले, शाखा राहिल्या, कर्मचारी नव्या बँकेत सामावले. गेलं ते मुख्यालय. आणि मुख्यालय गेल्यावर गावातल्या हुशार मुलाला बँकेत जी सर्वांत वरची खुर्ची दिसू शकते ती शाखाधिकाऱ्याची. कोषागार, गुंतवणूक, कायदा, अंतर्गत लेखापरीक्षण ही सगळी कामं तो बदली घेऊनच पाहू शकतो.

आता साताऱ्याच्या तिसऱ्या कंपनीकडे येतो. 1975 मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेड निघाली. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाचे, म्हणजे शासनाचे 27 टक्के, बजाज ऑटोचे 24 टक्के, बाकी जनतेचे. साताऱ्यातल्या कारखान्यातून 'प्रिया' स्कूटर बाहेर पडायची. त्या काळात स्कूटर विकत मिळत नसे, तिचा नंबर लागत असे. अनामत भरायची आणि थांबायचं, आठ-आठ, दहा-दहा वर्षं. लग्नाच्या बैठकीत मुलाच्या पगाराइतकीच त्याच्या स्कूटरच्या नंबराची चौकशी होई. ज्याचा नंबर लवकर लागला तो स्कूटर तशीच विकून वरचे पैसे खिशात घालू शकत असे.

ही रांग ऐंशीच्या दशकात आटत गेली. जपानी तंत्राच्या गाड्या आल्या, हिरो होंडा आली, कायनेटिक होंडा आली. माल दुकानात उभा राहू लागला. आणि नेमक्या त्याच सुमाराला, 1987 मध्ये, पुण्याजवळ आकुर्डीला बजाज ऑटो फायनान्स नावाची कंपनी नोंदली गेली. दुचाकी आणि तीनचाकी घ्यायला कर्ज देणं हे तिचं काम. मला हा योगायोग वाटत नाही. टंचाईच्या काळात गिऱ्हाईक कारखान्याला आगाऊ पैसे देऊन वाट पाहत होतं. मुबलकता आल्यावर कारखान्याला गिऱ्हाइकाच्या हाती आधी गाडी देऊन पैशाची वाट पाहावी लागली. वाट पाहणं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलं, आणि या वाट पाहण्याची किंमत म्हणजे व्याज. पुढचा सगळा धंदा या एका उलथापालथीवर उभा आहे.

सुरुवातीची वीस वर्षं ही कंपनी बजाजांच्या घरातलं धाकटं भावंड होती. मग 2007 उजाडलं. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही एकाच आवारात घडल्या. एक, आकुर्डीच्या कारखान्यातलं दुचाकींचं उत्पादन थांबलं. उत्तराखंडात पंतनगरला करसवलत होती, नवा कारखाना तिकडे सुरू झाला होता, चाकणला दुसरा होता. दोन, बजाज ऑटोचं विभाजन ठरलं आणि वित्तीय व्यवसायांसाठी बजाज फिनसर्व्ह ही वेगळी कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी राजीव जैन कर्जाच्या कंपनीच्या प्रमुखपदी आले आणि दुचाकीच्या कर्जावरची कंपनी टीव्ही, फ्रीज, मोबाइल, लग्नखर्च, दुकानाचं भांडवल, घर अशा सगळ्या बाजूंनी पसरली. 2010 मध्ये नावातला 'ऑटो' हा शब्दही गळाला. मार्च 2025 अखेर बजाज फायनान्सनं दिलेल्या आणि सांभाळलेल्या कर्जांची रक्कम 4 लाख 16 हजार कोटींच्या पुढे होती आणि ग्राहकसंख्या दहा कोटींच्या पुढे गेली होती. दहा कोटी माणसं म्हणजे जवळजवळ आख्खा महाराष्ट्र.

आता साताऱ्याच्या स्कूटर कंपनीचं काय झालं? स्कूटर थांबली. साचे, जिग, फिक्श्चर बनत राहिले. पण कंपनीच्या तिजोरीत बजाज समूहाचे शेअर होते, आणि ते फुगत गेले. आज महाराष्ट्र स्कूटर्स ही मुख्यतः गुंतवणूक कंपनी आहे, तिच्याकडे बजाज फायनान्सचे सुमारे तीन टक्के समभाग आहेत. शासनाच्या 27 टक्क्यांची कथा तर अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवावी अशी आहे. महामंडळानं 2003 मध्ये आपला हिस्सा बजाजांना विकायचं ठरवलं. किमतीवरून वाद झाला, लवाद बसला, 2006 मध्ये लवादानं भाव ठरवला 151 रुपये 63 पैसे. मग न्यायालयं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी 2019 मध्ये आला, लवादाच्या बाजूनं, आणि त्याच वर्षी शेअर बजाज होल्डिंग्जकडे गेले. तेव्हा बाजारात त्याच शेअरचा भाव काही हजार रुपये होता. यात बेकायदा काही नाही. विक्री 2003 ची, म्हणून भाव त्या काळचा. पण सोळा वर्षं कज्जा चालवून शेवटी जुन्याच भावात माल देणारा विक्रेता व्यवहारात क्वचित भेटतो. गावानं जागा दिली, शासनानं भांडवल दिलं, कामगारांनी स्कूटर बनवली, आणि त्यातून जे खरं धन साठलं ते कर्जाच्या धंद्यातल्या शेअरांत साठलं. आपल्या राज्याच्या पन्नास वर्षांच्या आर्थिक इतिहासाचा एवढा आखूड सारांश मला दुसरा माहीत नाही.

आता मुंढव्याला जाऊ.

मुंढवा म्हणजे पुण्याच्या पूर्वेचं, मुळा-मुठेच्या काठचं जुनं गाव. भारत फोर्जचा कारखाना तिथला. शेजारी केशवनगरात कुंभारांची वस्ती, दिवाळीच्या पणत्या पुणेकर तिथून आणतात. मुंढव्यातल्याच जॅकवेलमधून शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी उचलून कालव्यात सोडतात आणि पुढे शेतीला देतात. पलीकडे नदी ओलांडली की खराडी, आणि खराडीत परदेशी बँकांच्या काचेच्या इमारती. पैशाच्या धंद्यातली नोकरी या भागाला नवी नाही.

या धंद्यात नोकऱ्या कोणत्या असतात, हे बाहेरच्या माणसाला नीट माहीत नसतं. इमारतीत बसणारी मंडळी आपल्याला ठाऊक आहेत: जोखीम मोजणारे, संगणकप्रणाली लिहिणारे, कायदा पाहणारे, बँकांकडून आणि रोख्यांतून पैसा उचलणारे. यांचे पगार चांगले, आणि ही माणसं शहर बदलतात तेव्हा घरभाडी बदलतात. पण दहा कोटी ग्राहकांचं काम या मंडळींनी होत नाही. ते होतं दुकानात आणि रस्त्यावर.

तुमच्या पोवई नाक्यावरच्या एखाद्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जा. टीव्हीच्या भिंतीशेजारी छोटं टेबल, त्यावर कंपनीचं नाव, मागे पंचविशीचा मुलगा किंवा मुलगी. तुम्ही फ्रीज पसंत केलात की तो तुमचं पॅन आणि आधार मागतो, मोबाइलवर ओटीपी येतो, सिबिलचा स्कोअर दिसतो, बँक खात्यातून हप्ता कापायची परवानगी घेतली जाते. चहा संपेपर्यंत कर्ज मंजूर. व्याज शून्य, असं पाटीवर लिहिलेलं असतं. शून्य ते तुम्हाला. कंपनीला तिचा मोबदला फ्रीज बनवणारा किंवा दुकानदार देतो, कारण रोखीनं जो ग्राहक घरी गेला असता तो हप्त्यावर माल घेऊन जातो. वर प्रक्रिया शुल्क असतंच, आणि हप्ता चुकला तर बाउन्स चार्ज. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्ये बँकांना लिहून कळवलं होतं. पाट्या काही उतरल्या नाहीत.

त्या मुलाचा महिना कसा जातो? त्याला टार्गेट असतं. किती फाइली लॉगिन झाल्या, किती रक्कम वाटली गेली, किती जणांना सोबत विमा किंवा वॉरंटी विकली. दसरा-दिवाळीला त्याचा दिवस रात्री दुकान बंद होईपर्यंत चालतो. आषाढात दुकान ओस, तेव्हा इन्सेंटिव्ह नाही. आणि महत्त्वाची गोष्ट: त्याच्या शर्टावर एका कंपनीचं नाव असतं आणि पगाराच्या पावतीवर बहुधा दुसऱ्याच. मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेचं. या धंद्यात याला ऑफ-रोल म्हणतात. ही एका कंपनीची रीत नाही, किरकोळ कर्जाच्या साऱ्या क्षेत्राची आहे. बँकाही यात मागे नाहीत.

दुसरा मुलगा वसुलीचा. त्याच्याकडे रोज सकाळी यादी येते. हप्ता थकून तीस दिवसांच्या आतले एका बकेटमध्ये, साठच्या आतले दुसऱ्या, नव्वदला पोचलेले तिसऱ्या. नव्वद दिवस ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, म्हणून शेवटच्या आठवड्यात त्याच्यावर सगळ्यांचं प्रेम. कोरेगावच्या वाडीत, फलटणच्या वस्तीवर, तो मोटारसायकलवर जातो. पेट्रोलचे पैसे कधी मिळतात, कधी पगारातच धरलेले असतात. ज्याच्या दारात तो उभा आहे तो थकबाकीदार आणि तो स्वतः यांच्या मासिक उत्पन्नात पुष्कळदा फारसा फरक नसतो. त्याच्यावर शिव्या पडतात, कधी कुत्री सुटतात, आणि तोही कधी कधी हद्द ओलांडतो. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 च्या नंतर फोन करायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट 2022 मध्ये परिपत्रक काढून सांगावं लागलं. पुढच्याच महिन्यात झारखंडात हजारीबाग जिल्ह्यात कर्जवसुलीसाठी ट्रॅक्टर ओढून नेताना त्याखाली एका गर्भवती तरुणीचा जीव गेला. त्यानंतर ते कर्ज देणाऱ्या महिंद्र फायनान्सला बाहेरच्या संस्थांमार्फत वसुली करायला मनाई झाली. स्वतःच्या कर्मचाऱ्यांमार्फत वसुली करायला मनाई नव्हती, हे नीट लक्षात घ्या. नियामकाला कळलेलं होतं की पगारपत्रकावर कुणाचं नाव आहे याचा आणि दारात माणूस कसा वागतो याचा संबंध आहे. ही मनाई जानेवारी 2023 मध्ये उठली.

मी हे सांगतोय ते या मुलांना कमी लेखायला नाही. बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसलेल्या मुलाला हे पहिलं काम मिळतं तेव्हा घरात आनंद होतो आणि तो खरा असतो. यातूनच काही जण ऑन-रोल होतात, शाखा सांभाळतात, पुढे दुसऱ्या कंपनीत दीडपट पगारावर जातात. बोलणं, आकडेमोड, माणूस ओळखणं हे सगळं या कामात शिकायला मिळतं, आणि आपल्या पदवी महाविद्यालयांत ते शिकवत नाहीत. माझं म्हणणं इतकंच की 40,000 नोकऱ्या असं म्हणताना मुंढव्याच्या इमारतीतली जोखीम मोजणारी बाई आणि फलटणच्या वस्तीवरचा हा मुलगा हे दोघं एका बेरजेत येऊ शकतात, आणि दोघांच्या कामाची सुरक्षितता सारखी नाही.

कारखान्यातल्या नोकरीशी तुलना केली की आणखी एक फरक दिसतो. आकुर्डीत कामगार स्कूटर बनवत होता. तिच्यासाठी भोसरीत, चिंचवडला लहान वर्कशॉप निघाली, कुणी नट बनवले, कुणी रबराचे भाग. कर्जाच्या कंपनीभोवती असं काय निघतं? मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्था निघतात, कॉल सेंटर निघतात, वसुलीच्या एजन्सी, कागदपत्रं तपासणाऱ्या एजन्सी, मालमत्तेचं मूल्यांकन करणारे, वकील. काम निघतं, यात शंका नाही. पण या कामाचा कच्चा माल म्हणजे लोकांची भविष्यातली कमाई. ती कमाई कारखान्यातून, शेतातून, सरकारी पगारातून, दुकानातून यावी लागते. ज्या शहरात आणि जिल्ह्यात दुसरी कमाई आटली तिथे कर्ज काही काळ वाढतं, हे मान्य, पण परत येत नाही. म्हणून चाकणचे कारखाने थांबले तर मुंढव्याची इमारत रिकामी होईल, हे मी जाहीरपणे म्हणायला तयार आहे. उलटं घडणार नाही. राज्यकर्त्यांनी कारखान्याच्या आणि कर्जाच्या कंपनीच्या अशा दोन्ही करारांवर एकाच समारंभात एकाच टेबलावर सह्या केल्या तरी ते एका वजनाचे नसतात.

शिवाय या धंद्यात कामाचं प्रमाण एका परिपत्रकानं बदलतं. 15 नोव्हेंबर 2023 रोजी रिझर्व्ह बँकेनं बजाज फायनान्सला 'ईकॉम' आणि 'इन्स्टा ईएमआय कार्ड' या दोन योजनांतली नवी कर्जं थांबवायला सांगितलं. कारण, डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे ग्राहकाला कर्जाची मुख्य माहिती ठरावीक नमुन्यात द्यायची असते, ती दिली जात नव्हती. दुसऱ्याच दिवशी साऱ्या क्षेत्रासाठी आदेश आला: तारणाशिवायच्या ग्राहककर्जाचं जोखीमभारांकन 100 वरून 125 टक्के, म्हणजे अशा कर्जामागे अधिक भांडवल बाजूला ठेवायचं. दोन दिवसांत दोन कागद. कंपनीवरची बंदी मे 2024 मध्ये उठली, कंपनीला फार धक्का बसला नाही. पण ज्यांची कमाई त्या फाइलींच्या लॉगिनवर होती त्यांनी ते सहा महिने कसे काढले, हे कुठल्याही वार्षिक अहवालात सापडणार नाही. रिझर्व्ह बँकेचं बरोबर होतं, हेही सांगून टाकतो. ग्राहकाला ही माहिती न देणाऱ्याला थांबवायलाच हवं.

कुणी म्हणेल, मुख्यालय पुण्यात आहे हा तरी आधार मोठा. आहे. खराडीतल्या परदेशी बँकांच्या केंद्रांशी तुलना करा. 19 मार्च 2023, रविवार. स्वित्झर्लंडमध्ये यूबीएसनं क्रेडिट स्विस विकत घेतल्याचं जाहीर झालं. दोन्ही बँकांची मोठी केंद्रं पुण्यात, आणि एकच काम करणारी दोन-दोन माणसं असल्याचं हजारोंना सोमवारी सकाळी कळलं. त्यांच्या भवितव्याचा निर्णय घेणारा एकही माणूस पुण्यात नव्हता. बजाजांचं तसं नाही, त्यांच्या निर्णयाची टेबलं पुण्यातच आहेत, आणि या कारणासाठी मला मुंढव्याचा प्रकल्प खराडीच्या दहा इमारतींपेक्षा मोलाचा वाटतो. साताऱ्यानं 1956 आणि 2006 मध्ये जे गमावलं ते पुण्याकडे आहे. मात्र आकुर्डीचा कारखाना थांबवण्याचा निर्णयही आकुर्डीतच झाला होता, हे विसरून चालणार नाही. घरचा मालक जवळ असतो, एवढंच. जवळ असल्यानं त्याला विचारता येतं. उत्तर आपल्या सोयीचं असेल असं नाही.

यंत्राबद्दल थोडं. आयुर्विमा महामंडळात संगणक येणार म्हटल्यावर साठच्या दशकात कर्मचाऱ्यांनी मोठा लढा दिला होता, आणि बँकांत संगणकीकरणाचा करार व्हायला 1983 उजाडलं. त्या संघटनांची पुढे थट्टा झाली. पण त्यांच्याकडे थांबवण्याची ताकद होती आणि म्हणून वाटाघाटीला वेळ मिळाला. बजाज फायनान्सनं 2024 च्या अखेरीस गुंतवणूकदारांपुढे जो पुढचा आराखडा मांडला त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता केंद्रस्थानी आहे. ग्राहकाला फोन करणं, आठवण देणं, कागद तपासणं, मंजुरी देणं यांतलं पुष्कळसं यंत्र करू लागलंय. दुकानातल्या टेबलामागचा मुलगा ऑफ-रोल असल्यामुळे त्याचं काम कमी झालं तर ती कपात म्हणून कुठे नोंदलीही जाणार नाही. पुरवठादार संस्थेशी झालेला करार लहान झाला, असं नोंदलं जाईल. 40,000 हा आकडा ज्या वर्षी लिहिला गेला त्या वर्षी यंत्र मराठीत नीट बोलत नव्हतं. आता बोलतं.

तर सातारकरांनी, ज्यांची मुलं सोमवारी पहाटे विनाथांबा गाडी पकडून खंबाटकी घाट ओलांडून पुण्याला जातात, यातून करायचं काय? मी उपदेशक नाही, दोन व्यवहारातल्या गोष्टी सांगतो. शेअर बाजारात नोंद असलेल्या मोठ्या हजार कंपन्यांना 2022-23 पासून सेबीच्या नियमानुसार एक जबाबदारी अहवाल द्यावा लागतो. त्यात कायम कर्मचारी किती आणि कायम नसलेले किती, हे वेगळं लिहावं लागतं, सोडून गेलेल्यांचं प्रमाणही द्यावं लागतं. हा अहवाल कुणालाही वाचता येतो. शासनानं रोजगाराचा आकडा जाहीर केला की तीन वर्षांनी हा अहवाल काढून शेजारी ठेवायचा. साताऱ्यात इतके निवृत्त विमा आणि बँक कर्मचारी आहेत, लेखापरीक्षण हे त्यांच्या हाताचं काम आहे, आणि त्यांच्यापैकी पाचजणांनी बसून हे दरवर्षी केलं तर कुठल्याही वर्तमानपत्रापेक्षा ते अधिक चांगलं करतील. कंपनीला पत्र लिहून विचारायचं ते इतकंच, की तुमच्या कामासाठी बाहेरच्या संस्थांच्या पगारावर किती माणसं आहेत. अहवालाच्या रकान्यांत ती सगळी दिसतीलच असं नाही.

दुसरी गोष्ट मुलाच्या हाती पडणाऱ्या कागदाची. नवे कामगार कायदे 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाले, त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यायलाच हवं असं आहे, आणि ठरावीक मुदतीच्या नेमणुकीतही वर्षभर काम झालं की ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. पत्र हाती आलं की वरचं नाव वाचा. खाली नेमणुकीची मुदत वाचा. भविष्यनिर्वाह निधीचं खातं कुणाच्या नावानं उघडलंय, ईएसआयची कपात होतेय का, पेट्रोल पगारात आहे की वेगळं, टार्गेट चुकलं तर मूळ पगार हलतो का, हे वाचा. वीस वर्षांचं पोर हे वाचणार नाही, ते सही करून पेढे आणायला जाईल. ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला आहे ते असते तर त्यांनी संध्याकाळी चष्मा लावून ते पत्र ओळ न् ओळ वाचून दिलं असतं. हे काम अजून कुणीतरी करायला हवंय, आणि या सभागृहात ते करू शकणारी किमान पन्नास माणसं मला दिसताहेत. व्याख्यानमालेच्या विश्वस्तांनी त्यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ आणि हीच खोली द्यावी, अशी माझी विनंती आहे.